लाल लघवी आली की आधी सोनोग्राफी, मग सब्जा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत उन्हाळीवरचे घरगुती उपाय येऊ लागतात. सब्जा, धन्या-जिऱ्याचे पाणी, वाळा, खडीसाखर. त्याबद्दल आमचे काही म्हणणे नाही. पारा 45 अंशांवर असताना दिवसभर वावरात राबलेल्या माणसाची लघवी पिवळीजर्द होते, आग होते, थेंब थेंब होते; पोटात पाणी जाणे हाच त्यावरचा खरा उपाय. हरकत आहे ती त्याच मजकुरात सहज टाकून दिलेल्या एका सल्ल्याला: लघवी लाल झाली तरी हेच करा. पान उलटले की ऑपरेशनशिवाय मुतखडा विरघळवून देण्याची हमी देणारी जाहिरात असते. हा सल्ला आणि ही जाहिरात यांच्या आडोशाला किडनीचा कॅन्सर वाढत राहतो. तो कसा, आणि सापडल्यावर नेमके काय करायचे, हे सांगण्यासाठी हे पत्र जरा लांबवत आहोत.

किडनीतल्या गाठीतून येणारे रक्त बहुधा न दुखता येते आणि सतत येत नाही. दोन-तीन दिवस लघवी लाल, मग आपोआप स्वच्छ, पुन्हा कधी महिन्याने तर कधी सहा महिन्यांनी लाल. मधल्या काळात माणसाने जे घेतले असेल त्याला गुण आल्याचे श्रेय मिळते. सब्जा घेतला तर सब्जाला, पुडी घेतली तर पुडीला. पाच दिवसांच्या अँटिबायोटिकवर थांबले तर डॉक्टरही ‘इन्फेक्शन होते’ म्हणून मोकळे होतात. बायांच्या बाबतीत हे जास्त होते. लघवीची कोणतीही तक्रार इन्फेक्शनच्या खात्यात जमा होते आणि वर्ष निघून जाते.

मुतखड्याशी गल्लत व्हायलाही कारण आहे. गाठीतले रक्त मूत्रवाहिनीत गोठले की ती गुठळी खाली सरकताना हुबेहूब खड्याची कळ येते. कमरेतून जांघेपर्यंत जाणारी, घाम फोडणारी. क्रम विचारला तर फरक कळतो. खड्यात बहुतेकदा आधी कळ येते आणि मग लघवी लाल होते. गाठीत आधी लाल लघवी, मग कळ. लघवीतून लांब, बारीक गुठळ्या पडल्या तर रक्त वरून, म्हणजे किडनी किंवा मूत्रवाहिनीतून येते आहे असे समजावे; मूत्राशयातल्या गुठळ्या बेढब असतात. ओपीडीच्या गर्दीत हे विचारायचे राहून जाते, म्हणून रुग्णाने आपणहून सांगावे.

लाल दिसणारी प्रत्येक लघवी रक्ताची नसते. बीट खाल्ल्यावर, क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनवर, जळजळीसाठी देतात त्या नारिंगी गोळीवर रंग बदलतो. लघवीची साधी तपासणी ते सांगते. सूक्ष्मदर्शकाखाली एका क्षेत्रात 3 किंवा अधिक लाल पेशी दिसल्या तर ते रक्तच. पाळी चालू असताना दिलेल्या नमुन्यात लाल पेशी येतातच. तो नमुना पाळी संपल्यावर पुन्हा द्यावा.

चाळिशी ओलांडलेल्या कोणाचीही लघवी न दुखता एकदा जरी लाल झाली तरी लघवीची तपासणी, रक्तातले क्रिएटिनिन (किडनी किती काम करते ते सांगणारी तपासणी) आणि किडनी व मूत्राशय दोन्हींची सोनोग्राफी करून घ्यावी. मूत्राशयासाठी लघवी भरलेली असावी लागते, रिकाम्या मूत्राशयातली गाठ दिसत नाही. सोनोग्राफी स्वच्छ आली आणि तरी रक्त पुन्हा आले, किंवा माणूस बिडी-सिगारेट ओढणारा असला, तर कॉन्ट्रास्ट सीटी आणि दुर्बिणीतून मूत्राशय पाहणे हे पुढचे. या वाटेवर किडनीपेक्षा मूत्राशयाचा कॅन्सर जास्त वेळा सापडतो, तोही लवकर सापडावा असाच असतो.

रक्त, कमरेत दुखणे आणि पोटात हाताला लागणारा गोळा ही पुस्तकातली तीन लक्षणे एकत्र दहातल्या एकातही दिसत नाहीत. ती दिसायला लागली म्हणजे उशीर झालेला असतो. निम्म्याहून अधिक गाठी आज पित्ताशयाच्या किंवा बाळंतपणाच्या निमित्ताने केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने सापडतात. बाकी खुणा आडून येतात. कारण न सापडणारा बारीक ताप, उतरणारे वजन, लोहाच्या गोळ्यांना दाद न देणारा पंडुरोग, कधी उलट हिमोग्लोबिनच जास्त, रक्तात वाढलेले कॅल्शियम. पुरुषांत एक खूण लाजेपोटी लपवली जाते. डाव्या वृषणाच्या वर नव्याने फुगलेल्या शिरा, ज्या झोपल्यावरही उतरत नाहीत. डाव्या वृषणाची शीर डाव्या किडनीच्या शिरेला मिळते. तिथे गाठीने वाट अडवली की रक्त मागे तुंबते.

कारणांबद्दल आपल्याकडे दोन गोष्टी ठाम बोलल्या जातात, खारपाणपट्ट्याचे पाणी आणि फवारणीचे औषध. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खाऱ्या पाण्यामुळे किडनीचे आजार होतात ही तक्रार जुनी आहे आणि तिची दखल घ्यायलाच हवी. फवारणीने काय होते ते यवतमाळने 2017 मध्ये पाहिले. पण किडनीच्या कॅन्सरच्या बाबतीत भक्कम पुरावा आहे तो धूम्रपान, लठ्ठपणा आणि वर्षानुवर्षे आटोक्यात नसलेले बीपी यांचा. पुरुषांत हा आजार बायांच्या जवळपास दुप्पट. खर्ऱ्याचा पहिला मार तोंडावर बसतो, बिडीचा किडनीवरही. अनेक वर्षे डायलिसिसवर असलेल्यांच्या आक्रसलेल्या किडनीत पाण्याच्या गाठी आणि त्यांतून कॅन्सर होऊ शकतो. ‘किडनी तर गेलीच आहे, आता काय पाहायचे’ असे म्हणून त्यांची सोनोग्राफी सोडून देऊ नये. आणि जाहिरातीतल्या पुड्यांवर वर्षानुवर्षे तसाच ठेवलेला मोठा, पू धरलेला मुतखडा किडनीच्या पोकळीत वेगळ्याच जातीचा कॅन्सर उभा करू शकतो. अशा जाहिरातींखाली ‘आधी सोनोग्राफी करा’ एवढी एक ओळ छापण्याची अट आपण जाहिरातदाराला घालू शकता. ती आपल्या हातातली गोष्ट आहे.

आता रिपोर्टाबद्दल. सोनोग्राफीत ‘सिम्पल सिस्ट’ लिहिले असेल तर ती पाण्याची साधी गाठ. पन्नाशीनंतर ती अनेकांना असते, तिला औषध लागत नाही, ती कॅन्सर होत नाही. यावर हजारो रुपयांचे उपचार घेणारे लोक आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. सिस्टमध्ये पडदे, जाड भिंत किंवा घन भाग असेल तर सीटीवर तिचा ‘बोस्नियाक’ दर्जा ठरतो. 1 आणि 2 निर्धोक, 2एफ म्हणजे ठरावीक काळाने पुन्हा पाहायची, 3 मध्ये कॅन्सरची शक्यता साधारण निम्मी, 4 म्हणजे बहुधा कॅन्सरच. ‘सॉलिड मास’ असे शब्द असतील तर थांबू नये.

इथे सर्वांत जास्त घसरगुंडी होते ती सीटीत. तालुक्याला मुतखड्यासाठी काढतात तो साधा, रंगद्रव्य न देता काढलेला सीटी असतो. त्यात खडा सुरेख दिसतो, पण किडनीतली घन गाठ आणि निरोगी किडनी यांची छटा जवळपास सारखीच, त्यामुळे लहान गाठ निसटते. गाठीसाठी सीटी शिरेतून रंगद्रव्य देऊन टप्प्याटप्प्याने काढावा लागतो. एकदा साधा, एकदा रोहिणीत रंग पोचल्यावर, एकदा सगळी किडनी रंगल्यावर आणि शेवटी रंग लघवीत उतरल्यावर. रंगद्रव्यानंतर गाठीची घनता 15 ते 20 हाउन्सफील्ड युनिटांहून (सीटीवर घनता मोजण्याचे एकक) अधिक वाढली तर तिच्यात रक्तपुरवठा आहे असे धरतात. म्हणून चिठ्ठीवर नुसते ‘सीटी केयूबी’ (किडनी, मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा सीटी) असेल आणि शंका गाठीची असेल तर ‘कॉन्ट्रास्टसहित का?’ हे विचारून घ्यावे. जाण्याआधी क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट लागतो. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा आधी कधी रंगद्रव्याची रिअ‍ॅक्शन आली असेल तर सांगावे. क्रिएटिनिन जास्त असेल तर एमआरआयचा मार्ग आहे. सोबत छातीचा सीटी, कारण हा आजार पहिल्यांदा फुप्फुसात जातो. हाडांचा स्कॅन सरसकट लागत नाही. हाडे दुखत असतील किंवा रक्तातले अल्कलाइन फॉस्फेटेज वाढले असेल तरच. पेट स्कॅनही सुरुवातीला बहुधा लागत नाही आणि तो स्वस्त नसतो.

‘सुईने तपासले तर कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगावी आहे. आजच्या पद्धतीत, बाहेरच्या नळीतून सुई घालून तुकडा घेतला तर तसे होणे अतिशय विरळ. तरीही किडनीत बायोप्सी दर वेळी लागत नाही. सीटीवर चित्र स्पष्ट असेल आणि ऑपरेशन होणारच असेल तर काढलेली गाठच तपासली जाते. बायोप्सी लागते ती गोळ्या-इंजेक्शने सुरू करण्याआधी, गाठ जाळून किंवा गोठवून मारायची असेल तर, आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) किंवा दुसरीकडून आलेल्या कॅन्सरची शंका असेल तर. आपल्या भागात आणखी दोन फसवे आजार आहेत, किडनीचा क्षयरोग आणि जुन्या खड्याभोवती पू धरून झालेली गाठ. दोन्ही सीटीवर कॅन्सरची नक्कल करतात. उलटही होते. ‘खड्याने निकामी झालेली’ म्हणून काढलेल्या किडनीत कॅन्सर निघतो, पण ती तपासायलाच पाठवलेली नसते. काढलेली कोणतीही किडनी फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला गेली का, आणि रिपोर्ट कधी मिळेल, हे दोन प्रश्न नातेवाइकांनी सुट्टी होण्याआधी विचारावेत.

किडनीचा कॅन्सर म्हणजे एक आजार नाही. मोठ्या माणसांतल्या सुमारे 85 ते 90 टक्के गाठी रीनल सेल कार्सिनोमा या गटातल्या, आणि त्यातल्या 70 ते 75 टक्के ‘क्लिअर सेल’. लघवी साठते त्या आतल्या पोकळीच्या अस्तराचा कॅन्सर वेगळा. त्याची चाल मूत्राशयाच्या कॅन्सरची, त्यात किडनीसोबत संपूर्ण मूत्रवाहिनी आणि तिचे मूत्राशयातले तोंडही काढावे लागते, त्यात किमोथेरपी चालते आणि पुढे दुर्बिणीने मूत्राशय पाहत राहावे लागते. क्लिअर सेलवर नेहमीची किमो जवळजवळ चालत नाही. म्हणून ऑपरेशननंतर कोणी ‘सुरक्षिततेसाठी चार किमो घेऊन टाका’ म्हणाले तर गाठीचा प्रकार कोणता, हे कागदावर दाखवायला सांगावे.

गाठ किडनीपुरती आणि 4 सेंमीपर्यंत, म्हणजे लिंबाएवढी असेल तर शक्य तिथे फक्त गाठ काढून किडनी वाचवायची, हे आज मान्य तंत्र आहे. रोहिणीला चिमटा लावून रक्त थांबवतात, गाठ भोवतालच्या पातळ निरोगी थरासह कापून घेतात आणि उरलेली किडनी शिवतात. चिमटा 25-30 मिनिटांच्या आत सुटावा असा प्रयत्न असतो; जास्त वेळ गेला तर वाचवलेल्या किडनीचेच नुकसान. कॅन्सर बरा होण्यात पूर्ण किडनी काढण्याच्या तुलनेत काही कमी पडत नाही, आणि पुढे क्रिएटिनिन वाढण्याचा धोका कमी राहतो. हे अवघड ऑपरेशन आहे. जिथे ते होत नाही तिथे सबंध किडनी काढण्याकडे कल असतो. बीपी-शुगर असलेल्या पंचावन्न वर्षांच्या माणसाची 3 सेंमीच्या गाठीसाठी पूर्ण किडनी जात असेल तर दुसरे मत घेतलेच पाहिजे. पहिला प्रश्न रोबोट आहे का हा नसावा, इथे किडनी वाचवून नुसती गाठ काढण्याची किती ऑपरेशने होतात हा असावा.

या ऑपरेशनचा एक धोका घरी गेल्यावर उघड होतो. शिवलेल्या जागी रोहिणीला फुगवटा येऊन साधारण एक-दोन आठवड्यांनी एकदम लालभडक लघवी सुरू होऊ शकते. गावात सलाइन लावून वाट पाहण्यात जीव जाऊ शकतो. जिथे ऑपरेशन झाले तिथे किंवा जिथे नळी घालून रक्तवाहिनी बंद करण्याची सोय आहे तिथे लगेच न्यावे.

4 सेंमीपेक्षा लहान गाठींपैकी साधारण पाचातली एक साधीच निघते, आणि लहान गाठी सरासरी वर्षाला 2-3 मिलिमीटरच वाढतात. म्हणून ऐंशीच्या, हृदय अशक्त असलेल्या माणसाच्या 2 सेंमीच्या गाठीवर नुसती नजर ठेवणे हा निष्काळजीपणा नसून उपचारच आहे. अट एवढीच की सहा महिन्यांनी सांगितलेली सोनोग्राफी किंवा सीटी खरोखर व्हावी. 3 सेंमीपर्यंतच्या गाठी सुईने जाळून किंवा गोठवूनही मारता येतात.

7 सेंमीहून मोठ्या गाठीत बहुधा पूर्ण किडनी काढावी लागते. वरची अधिवृक्क ग्रंथी चांगली दिसत असेल तर ती ठेवतात. गाठ शिरेत शिरून मोठ्या महाशिरेत, कधी हृदयाच्या दारापर्यंत चढते. तरीही ऑपरेशन होते, पण त्याला रक्तवाहिन्यांचे आणि हृदयाचे सर्जन असलेलेच रुग्णालय लागते. अशा केसला जिल्ह्याच्या ठिकाणी हात घालू नये. अमेरिकेतल्या नोंदींनुसार कॅन्सर किडनीपुरता असताना सापडला तर पाच वर्षांनी शंभरातले नव्वदहून अधिक जिवंत असतात, दूर पसरल्यावर सापडला तर वीसहून कमी. दुसऱ्या आकड्यात नव्या औषधांनी हळूहळू सुधारणा होते आहे.

परत येण्याचा धोका जास्त असलेल्या क्लिअर सेलमध्ये ऑपरेशननंतर पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, सुमारे वर्षभर, 17 वेळा देतात. त्याने आयुष्य वाढते हे आता दिसले आहे. खर्च मात्र लाखांत जातो. परवडत नसेल तर कर्ज काढून दोन-तीन डोस घेऊन सोडण्यात अर्थ नाही, त्यापेक्षा नेमाने सीटी करत राहणे बरे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पसरलेल्या आजारात पहिला प्रश्न येतो, किडनी आधी काढायची का? फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासाने 2018 मध्ये दाखवले की अशा अनेक रुग्णांत आधी ऑपरेशन करून नंतर गोळ्या दिल्याने नुसत्या गोळ्यांपेक्षा जास्त फायदा झाला नाही. पसरलेला एखादाच डाग असेल आणि प्रकृती चांगली असेल तर गोष्ट वेगळी. पण खाटेवरून न उठणाऱ्या रुग्णाच्या ऑपरेशनसाठी वावर गहाण टाकण्याआधी कॅन्सरच्या औषधतज्ज्ञाचे मत घ्यावे. तो सहा गोष्टी मोजतो: रुग्ण किती हिंडता-फिरता आहे, निदानापासून औषध लागेपर्यंत वर्ष झाले का, हिमोग्लोबिन, कॅल्शियम, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट. त्यावरून दोन इम्युनोथेरपी एकत्र, इम्युनोथेरपीसोबत गोळी, की नुसती गोळी, हे ठरते. सुनिटिनिब आणि पाझोपानिब या गोळ्या जेनेरिक स्वरूपात देशात मिळतात, आणि ग्रामीण रुग्णाचा उपचार प्रत्यक्षात बहुधा यांच्यावरच चालतो.

या गोळ्या बंद पडतात त्या आजारापेक्षा त्रासाने, आणि बराचसा त्रास टाळता येतो. पाझोपानिब उपाशीपोटी घ्यायची, जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी. जेवणासोबत घेतली तर ती रक्तात फार चढते. अ‍ॅसिडिटीची पॅन्टोप्राझोल-ओमेप्राझोल सोबत घेतली तर उलट, ती नीट शोषलीच जात नाही. आपल्याकडे प्रत्येक चिठ्ठीवर ही गोळी असते, म्हणून औषधांची सगळी पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरला दाखवावीत. सुनिटिनिब चार आठवडे घेऊन दोन आठवडे थांबतात, किंवा दोन आठवडे घेऊन एक आठवडा. सुट्टीचे दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवावेत. पहिले काही आठवडे बीपी घरी किंवा आशाताईंकडे रोज पाहावे, 140/90 च्या वर राहू लागले तर कळवावे. थायरॉइड आणि लिव्हरची तपासणी ठरल्या वेळी करावी.

हातापायांची कातडी हा शेतकऱ्याचा खरा प्रश्न. पहिल्या दीड-दोन महिन्यांत तळहात-तळपाय लाल होतात, जळजळतात, जिथे दाब पडतो तिथे जाड होऊन फोड येतात. विळ्याची मूठ, खुरपे, पऱ्हाटी उपटणे, धानाच्या चिखलात अनवाणी रोवणी, ही सगळी दाबाचीच कामे. गोळी सुरू होण्याच्या दिवसापासूनच 10 टक्के युरियाचे मलम (शेतात टाकायचा युरिया नव्हे, मेडिकलमध्ये मिळणारे) दोन वेळा लावावे, आधीच्या भेगा-घट्टे साफ करून घ्यावेत, सुती मोजे आणि मऊ चप्पल घालावी, कढत पाणी टाळावे. फोड आले तर गोळी मनाने सोडू नये आणि मनाने रेटूही नये. डॉक्टर काही दिवस थांबवून डोस उतरवतात, सुनिटिनिब 50 वरून 37.5 मिलिग्रॅम, पाझोपानिब 800 वरून 600. उतरलेल्या डोसवरही औषध काम करते. दात काढायचा असेल तर आधी विचारावे, जखमा उशिरा भरतात.

इम्युनोथेरपीचे दुष्परिणाम वेगळेच. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उठते. अशा रुग्णाला दिवसाला चार-पाच वेळा जुलाब लागले किंवा नव्याने धाप लागली तर ओआरएस आणि खोकल्याच्या औषधावर दिवस काढू नयेत. त्याला वेळेत स्टिरॉइड लागते. गावच्या डॉक्टरला हे माहीत असेलच असे नाही, म्हणून औषधाचे नाव लिहिलेले कार्ड खिशात असावे. इंजेक्शन बंद होऊन काही महिने झाले असले तरी.

पूर्व विदर्भासाठी एक गोष्ट वेगळी लिहायला हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर भागात सिकलसेलचे (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) वाहक खूप आहेत. वाहकाला एरवी त्रास नसतो, पण किडनीच्या आतल्या भागात पेशी अडकून लघवीतून रक्त येऊ शकते, बहुतेकदा डाव्या बाजूने, आणि ते कॅन्सरचे नसते. मात्र याच वाहकांत, तरुण वयात, मेड्युलरी कार्सिनोमा नावाचा अतिशय विरळ आणि अतिशय वेगवान कॅन्सर होतो; तो जास्त करून उजव्या किडनीत. सापडतो तेव्हा बहुधा पसरलेला असतो, आणि त्याला वरच्या गोळ्या नव्हे तर प्लॅटिनम गटातली किमो लागते. घाबरून जाण्याएवढा तो वारंवार होत नाही. पण एएस (म्हणजे वाहक) असलेल्या विशीतल्या मुलाला लाल लघवीसोबत एका कुशीत दुखणे किंवा वजन उतरणे असेल तर ‘सिकलसेलमुळेच’ म्हणून परत पाठवू नये, सीटी करावा. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल मोहिमेत तपासणी झालेल्यांनी आपला अहवाल दवाखान्यात सोबत न्यावा, आणि डॉक्टरांनी तो मागावा.

लहान मुलांतला किडनीचा कॅन्सर, विल्म्स ट्यूमर, बहुतेक पाच वर्षांच्या आत होतो. आंघोळ घालताना आईच्या हाताला पोटात एका बाजूला घट्ट गोळा लागतो. मूल खेळत असते. तो गोळा पाहुण्यांना आणि शेजाऱ्यांना दाबून दाखवू नये, फुटू शकतो. इथे किमो उत्तम चालते आणि वेळेत आणलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात.

एक किडनी काढल्यावर दुसरी चांगली असेल तर डायलिसिस लागत नाही. संसार, शेती, सगळे होते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर साधारण महिनाभर आणि पोट उघडून झाले असेल तर सहा ते आठ आठवडे वजन उचलू नये. 16 लिटरचा भरलेला फवारणी पंप पाठीवर घेणे किंवा कापसाचे गाठोडे डोक्यावर घेणे यात येते, नाहीतर टाक्यांच्या जागी हर्निया होतो. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅकची गोळी-इंजेक्शन आणि कशाची आहे ते माहीत नसलेली भस्मे उरलेल्या किडनीच्या मुळावर येतात. वर्षातून किमान एकदा क्रिएटिनिन, लघवीतले प्रोटीन आणि बीपी पाहावे. लहान गाठीनंतर वर्षाला एकदा आणि मोठ्या गाठीनंतर पहिली तीन वर्षे दर सहा महिन्यांनी, कधी त्याहून लवकर, पोटाचा-छातीचा स्कॅन होतो. दहा वर्षांनीही हा आजार फुप्फुसात किंवा हाडात उगवल्याची उदाहरणे आहेत, म्हणून नवे हाडदुखणे वाताचे म्हणून सोडू नये.

कुठे जायचे? नागपुरात मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि त्याचे सुपर स्पेशालिटी, मिहानमधले एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट. वर्ध्याकडे सेवाग्रामचे कस्तुरबा आणि सावंगी मेघेचे रुग्णालय. वऱ्हाडातल्यांना अमरावतीचे सुपर स्पेशालिटी जवळ. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी आरोग्यमित्राच्या टेबलावर जावे. योजना कॅशलेस आहे, मंजुरी ऑपरेशनआधी यावी लागते. रोख भरून नंतर परतावा मिळेल या भरवशावर राहू नये. कोणते औषध पॅकेजमध्ये बसते हे त्याच टेबलावर विचारावे, किंवा योजनेच्या 155388 या हेल्पलाइनवर. भरती होण्याआधीच्या तपासण्या बहुधा खिशातून होतात, म्हणून सीटी शक्यतो सरकारी ठिकाणी काढावा.

मुंबईला टाटाला जायचेच असेल तर सीटीचा नुसता रिपोर्ट पुरत नाही, सीडी लागते. बायोप्सीच्या किंवा काढलेल्या किडनीच्या काचा आणि मेणाचा ब्लॉक लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो; अर्ज देऊन तो मागून घ्यावा, नाहीतर तिथे पुन्हा सुई. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला 75 टक्के सवलत. त्यासाठी रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा रेल्वेचा ठरलेला नमुना लागतो आणि तिकीट खिडकीवरून काढावे लागते. तो नमुना सुट्टीच्या कागदांसोबतच भरून घ्यावा. नंतर एका सहीसाठी गडचिरोलीहून पुन्हा नागपूर गाठावे लागते.

आपले,
मूत्ररोग व कर्करोग विभागांत काम करणारे काही डॉक्टर आणि परिचारिका
वर्धा